लुईस बेटावरच्या छोट्या तळ्यांची गॅलिक नावं कशी टिपून ठेवावीत

स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची रांग आहे. तिच्या उत्तर टोकाला लुईस. या बेटाच्या मधल्या माळाचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा उघडलात, तर इथे जमीन जास्त की पाणी असा प्रश्न पडतो. माळ म्हणजे सगळा पीट, अर्धवट कुजलेल्या शेवाळा-गवताचा हजारो वर्षं साचत गेलेला ओला थर. तो कापून, वाळवून इथले लोक चुलीत जाळत आले आहेत. त्या पीटमध्ये जिकडेतिकडे पाणी साठलेलं. गॅलिकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या भाषेत, मोठं असेल तर 'लॉख़', छोटं असेल तर 'लॉख़न'. बेटाच्या चार जुन्या पॅरिशपैकी, म्हणजे चर्चच्या विभागांपैकी, एकीचं नावच लॉख्स आहे.

यातल्या मोठ्या तळ्यांची काळजी करण्याचं कारण नाही, ती सगळ्या नकाशांवर आहेत. प्रश्न आहे तो दोन-चार गुंठ्यांपासून पाच-दहा एकरांपर्यंतच्या पाण्याचा. त्यांची नावं लोकांना माहीत होती, कारण उन्हाळ्यात गावची गुरं माळावर नेत आणि बायका-मुलं तिथल्या 'आरी'वर, म्हणजे चराईच्या झोपड्यांवर, मुक्काम करत. दूध, लोणी, चीज तिथेच व्हायचं. लुईसमध्ये ही पद्धत विसाव्या शतकातही चालू होती. आरीवर राहिलेली पिढी आता संपत आली आहे. 2022 च्या जनगणनेत या बेटांवरच्या 57.2 टक्के लोकांनी थोडंफार तरी गॅलिक येतं असं सांगितलं, पण भाषा येणं वेगळं आणि अमुक खळग्यातल्या पाण्याला काय म्हणतात हे ठाऊक असणं वेगळं.

हा लेख अशा कामात पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी आहे. स्कॉटलंडमध्ये राहणारे मराठी लोक आता कमी नाहीत. सुट्टीत बेटांवर जाणारेही आहेत. गॅलिक येत नसेल तरी या कामात उपयोगी पडता येतं, फक्त आपण काय करतो आहोत हे नीट कळायला हवं. लेखातली गॅलिक नावं कानाला ऐकू येतात तशी लिहिली आहेत. 'ख़'खालचा नुक्ता घशातून घासून येणाऱ्या आवाजासाठी.

नोंद कशाची करायची, हे आधी ठरवा

नवखा माणूस तक्ता करतो तो असा: डावीकडे तळं, उजवीकडे नाव. एका तळ्याला एक ओळ. ही मांडणीच चुकीची आहे. एका तळ्याला एकच खरं नाव असतं ही नकाशा छापणाऱ्याची सोय आहे, माळावरच्या लोकांची नाही. दोन गावांच्या चराईच्या हद्दीवर तळं असेल तर दोन्ही गावं त्याला वेगवेगळं नाव देऊ शकतात. एकाच घरात आजीचं नाव एक आणि नातवाने नकाशावर वाचलेलं दुसरं, असंही होतं.

म्हणून एक ओळ म्हणजे एक उल्लेख. अमक्याने, अमक्या दिवशी, अमक्या पाण्याला हे नाव घेतलं. किंवा अमक्या साली छापलेल्या अमक्या नकाशावर हे नाव असं लिहिलं आहे. त्या तळ्याचे पाच उल्लेख मिळाले तर पाच ओळी. त्यातलं कुठलं 'बरोबर' हे ठरवायचं काम तुमचं नाही, आणि खरं सांगायचं तर घाईने कोणाचंच नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: छोटा टापू निवडा, जुने नकाशे काढा

सगळं बेट घेऊ नका. एका गावाची चराई घ्या, किंवा एका ओढ्याचं पाणलोट क्षेत्र. वीस-पंचवीस तळी असलेला टापू सुरुवातीला भरपूर होतो.

नकाशांसाठी नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळासारखी दुसरी जागा नाही. सगळं फुकट बघता येतं, आणि जुना नकाशा एका बाजूला, आजचं उपग्रहचित्र दुसऱ्या बाजूला असं शेजारी-शेजारी ठेवता येतं. 1654 चा ब्लाऊचा नकाशासंग्रह पाहायला सुंदर आहे, पण छोट्या तळ्यांसाठी निरुपयोगी. जेम्स चॅपमनने 1807 ते 1809 मध्ये लुईस इस्टेटसाठी केलेला नकाशा मात्र शोधावा. गावं उठवली जाण्याआधीची काही नावं तिथे सापडण्याची शक्यता असते.

खरा आधार आहे ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशाखात्याचा, सहा इंचाला एक मैल या प्रमाणाचा नकाशा. लुईसची पाहणी 1848 ते 1852 या काळात झाली. त्या खात्याने पुढे पंचवीस इंची नकाशेही काढले, पण ते लागवडीखालच्या जमिनीचे. माळासाठी सहा इंचीच सर्वांत तपशिलाचा. एक गोष्ट लक्षात ठेवा: शेजारचं हॅरिस त्याच भूभागाला जोडलेलं असलं तरी तेव्हा दुसऱ्या काउंटीत होतं आणि त्याची पाहणी पंचवीसेक वर्षांनी, 1870 च्या दशकात झाली. हद्दीजवळचं तळं असेल तर दोन्ही काउंट्यांची कागदपत्रं बघायला लागतात, आणि दोन्हीकडे लिहिण्याची धाटणी वेगळी दिसते.

सहा इंचीच्या दुसऱ्या आवृत्तीवरचा शब्द न् शब्द स्वयंसेवकांनी टिपून काढला आहे. जीबी1900 नावाचा तो प्रकल्प, पंचवीस लाखांहून अधिक नोंदींचा. तुमच्या टापूतल्या छापील नावांची यादी तिथून आयती मिळते. 1897 ते 1909 मध्ये स्कॉटलंडच्या 562 तळ्यांची खोली मोजली गेली, तिचे नकाशेही आहेत, पण नावं जमवणं हा तिचा हेतू नव्हता आणि आपली छोटी तळी तिच्यात बहुधा नसतातच.

टापूतल्या प्रत्येक पाण्याला एक क्रमांक द्या. नाव असो वा नसो. हा क्रमांक पुढे कधीही बदलायचा नाही.

दुसरी पायरी: नेम बुक वाचा, आणि संशयाने वाचा

नकाशा काढताना ऑर्डनन्स सर्व्हेने नावांच्या वह्या ठेवल्या होत्या, त्यांना नेम बुक म्हणतात. त्यांच्या पानांची छायाचित्रं इंटरनेटवर पाहता येतात. प्रत्येक नावासाठी रकाने आखलेले: नकाशावर घ्यायचं नाव, त्याची वेगवेगळी स्पेलिंगं, कोणाच्या सांगण्यावरून घेतलं त्यांची नावं, ठिकाण आणि वर्णन. वर्णनात पुष्कळदा 'गोड्या पाण्याचं छोटं तळं' एवढंच असतं. पण मधूनच कुठे काठावर आरी होती, कुठे ट्राउट भरपूर मिळतात, असं काही निघतं आणि पानं उलटण्याचे कष्ट वसूल होतात.

संशय कशासाठी? पाहणी करणारं पथक लष्करी होतं आणि गॅलिक ही त्याची भाषा नव्हती. नाव सांगणारे कोण असावेत याबद्दल खात्याची पसंती जमीनदार, पाद्री, शिक्षक, इस्टेटीचे कारभारी अशा 'प्रतिष्ठित' लोकांना होती. लहान शेतकऱ्याच्या शब्दाला वजन कमी. उन्हाळाभर त्या तळ्याकाठी गाई दोहणाऱ्या बाईला तर कोणी विचारलंच नाही म्हणा ना. म्हणून नेम बुकातलं नाव चुकीचं ठरतं असं नाही, पण ते कोणाच्या तोंडचं आहे हे साक्षीदारांच्या रकान्यावरून पाहून नोंदीत लिहायला हवं.

ज्या साली पाहणी सुरू झाली तेव्हा सगळं लुईस बेट सर जेम्स मॅथेसन यांच्या मालकीचं होतं. 1844 मध्ये त्यांनी ते 1,90,000 पौंडांना घेतलं, तेही चीनच्या व्यापारात, मुख्यतः अफूत, मिळवलेल्या पैशातून. त्यांच्या पेढीचे मुंबईतले मोठे सहकारी होते जमशेटजी जीजीभॉय. तेव्हा या माळाच्या कागदपत्रांत आपला काही संबंध नाही असं समजू नये! उलट बाजूनेही एक धागा आहे. भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेंझी याच बेटावरच्या स्टॉर्नोवेचे. त्यांनी दख्खनचे नकाशे केले, आणि कावली बंधूंसारख्या इथल्या सहकाऱ्यांच्या मदतीने दक्षिणेतल्या अनेक भाषांतली हस्तलिखितं जमवली, त्यात मराठीही आहेत. स्थानिक जाणकाराशिवाय परक्या मुलखाची नोंद होत नाही हे मॅकेंझींना कळलं होतं. त्यांच्याच बेटावर पुढे आलेल्या पथकाला ते तितकंसं कळलं नाही, असं माझं मत.

तिसरी पायरी: गावच्या इतिहास मंडळाकडे जा

लुईसमध्ये जवळपास प्रत्येक भागाचं 'कोमन एःख़्री', म्हणजे स्थानिक इतिहास मंडळ आहे. नेस भागाचं 1977 मध्ये सुरू झालं. या मंडळांकडे वंशावळी, छायाचित्रं, ध्वनिफिती आणि बऱ्याचदा हाताने नावं लिहिलेले नकाशे असतात. तुम्ही निवडलेल्या टापूचं अर्धं काम कोणीतरी आधीच करून कपाटात ठेवलेलं असू शकतं. ते न विचारता दारोदार फिरलात तर लोकांचा वेळ जातो आणि मंडळालाही वाईट वाटतं. एडिनबरा विद्यापीठातल्या, 1951 मध्ये सुरू झालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने जमवलेल्या मुलाखतीही 'टोबर अन ड्युअलख़िस' या संकेतस्थळावर ऐकता येतात. तिथे गावाच्या नावाने शोधा.

मंडळाशी पहिल्याच भेटीत तीन गोष्टी बोलून घ्या: जमवलेलं कोणाकडे राहणार, कोणाला दाखवायचं, आणि काय प्रसिद्ध करायचं नाही.

चौथी पायरी: माणसांशी बोलणं

रविवारी फोन करू नका, दारात जाऊ नका, ध्वनिमुद्रण तर अजिबात नको. लुईसमध्ये रविवार अजून पुष्कळ घरांत कडक पाळला जातो. बाकी दिवशी ओळखीच्या कोणामार्फत जावं. चहा आणि सोबत काहीतरी खायला येईल, त्याला 'स्त्रूपक' म्हणतात. ते नाकारू नये. मुलाखतीसाठी हिवाळा बरा. उन्हाळ्यात लोक मेंढरं, पीट आणि पाहुणे यांत गुंतलेले असतात.

मुद्रण सुरू करण्याआधी संमती घ्या, लेखी असेल तर उत्तम. नाव द्यायचं की सांकेतिक खूण, हे त्यांना ठरवू द्या. इथे एकाच नावा-आडनावाची माणसं गावागणिक असतात, त्यामुळे लोक बाप-आजाच्या नावांनी किंवा टोपणनावाने ओळखले जातात. टोपणनाव परवानगीशिवाय कुठेही लिहू नका. काही टोपणनावं त्या माणसाच्या तोंडावर घेत नाहीत.

आता मुख्य युक्ती. नकाशा पसरून, बोट ठेवून, 'याला काय म्हणतात?' असं विचारू नका. एक तर कागदावर वरून दिसणारी तळी कोणी तशी पाहिलेली नसतात. दुसरं, छापलेलं नाव डोळ्यांसमोर असलं की माणूस तेच वाचून दाखवतो आणि ते नाव तुम्ही तोंडी परंपरा म्हणून लिहून मोकळे होता. त्याऐवजी वाट विचारा. 'तुमच्या घरून आरीवर जाताना आधी काय लागायचं? पाणी कुठे प्यायचात? गाई कुठे अडकायच्या? मासे कुठल्या तळ्यात मिळायचे?' सांगणारी व्यक्ती मनातल्या मनात चालायला लागते आणि नावं ओघाने येतात, पावलांच्या क्रमाने. तो क्रम जसाच्या तसा लिहून घ्या. नंतर नाव नसलेला, फक्त पाणी आणि समोच्च रेषा दाखवणारा कागद पुढे ठेवून जागा निश्चित करा.

गॅलिकमध्ये विचारायचं झालं तर: 'च्ये अन थेनेम अ हेर अन लॉख़ शो?' या तळ्याचं नाव काय? उच्चार ओबडधोबड झाला तरी चालतो, लोक हसतात आणि मोकळे होतात.

फोनवरचं मुद्रण कामचलाऊ होतं, पण जमल्यास वेगळा रेकॉर्डर घ्या आणि वेव्ह स्वरूपात जपा. दाबून लहान केलेल्या फाइलीत नेमके घासून येणारे आवाज आधी जातात. प्रत्येक नाव दोनदा म्हणायला सांगा: एकदा सुटं, एकदा वाक्यात. सुटं म्हणताना माणूस शाळेत शिकल्यासारखं म्हणतो, वाक्यात घरच्यासारखं.

पाचवी पायरी: कानांनी लिहा, देवनागरीत

या कामात मराठी माणसाला एक आयता फायदा आहे आणि तो कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गॅलिकमध्ये ज्या अक्षरांना इंग्रजीत बी, डी, जी म्हणतात त्यांचा उच्चार शब्दाच्या सुरुवातीला आपल्या प, त, क सारखा होतो. आणि पी, टी, सी म्हणजे प्ह, थ, ख. म्हणजे फरक घोष-अघोष असा नाही, अल्पप्राण-महाप्राण असा आहे. इंग्रजी कानाला तो धरायला त्रास पडतो, आपल्याला लहानपणापासून येतो. शिवाय त्यांचा त आणि थ दातांवरचाच आहे, इंग्रजीसारखा ट-ठ नाही. काळ्या तळ्याचं 'लॉख़ तू' हे नाव आपण ऐकतो तसंच लिहू शकतो. इंग्रजी लिहिणाऱ्याला 'डू' लिहावं लागतं.

महाप्राण प साठी 'फ' वापरू नका, आपण स्वतःच तो निम्म्या वेळा ओठ-दातांनी म्हणतो. 'प्ह' लिहा. 'ख' आणि 'ख़' यांची गल्लत करू नका, पहिल्यात हवा अडून सुटते, दुसऱ्यात घासत जाते. शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी असलेल्या प्ह-थ-ख च्या आधी लुईसमध्ये एक श्वास ऐकू येतो. त्यासाठी विसर्ग बरोबर बसतो: ट्राउट मासा म्हणजे 'प्रेःक'.

एक फसवी गोष्ट आहे. लुईसच्या बोलीत अनुनासिकामागून येणारं व्यंजन बऱ्याचदा त्या अनुनासिकातच मुरतं. 'नम' आणि 'प्रेःक' मिळून कानावर येतं ते 'न म्रेःक'. म्हणजे ट्राउटांचं तळं तुम्हाला 'लॉख़ न म्रेःक' असं ऐकू येईल आणि शब्दकोशात 'म्रेःक' कुठेच सापडणार नाही. असं झालं की घाबरू नका, ऐकलं ते लिहा आणि शेजारी प्रश्नचिन्ह ठेवा.

आघात कुठे पडतो तेही खुणेने दाखवा. गॅलिक जोडनावात मुख्य आघात नावातल्या ओळख पटवणाऱ्या, सहसा शेवटच्या शब्दावर असतो. जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या, भाषेतून आलेलं नाव मात्र एकसंध शब्द होऊन बसलेलं असतं आणि आघात त्याच्या पहिल्या अक्षरावर येतो. हा फरक पुढे अर्थ लावताना कोणत्याही शब्दकोशापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

देवनागरीच्या मर्यादाही आहेत. ल, न आणि र चे गॅलिकमध्ये अनेक प्रकार आहेत, ते आपल्याकडे नाहीत. तेवढ्यासाठी मुद्रण आहेच. आणि ही देवनागरी फक्त तुमच्या वहीसाठी. अंतिम नोंदीत गॅलिक लेखन जाणकाराकडून करून घ्यायचं.

सहावी पायरी: माळावर जाऊन पाहणं

नुसतं घरी बसून उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत, एकदा तरी पाण्यापर्यंत जावं. 2003 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही बहुतेक मोकळ्या जमिनीवर फिरता येतं. तरी चराई समितीला कळवून जा. एप्रिल ते जुलै जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा काळ, काठाला फार वेळ बसू नका. जूनअखेर अठरा तासांच्या आसपास उजेड असतो, पण तेव्हाच मिज नावाचे चिमुकले चावरे किडेही असतात. धुकं मिनिटांत येतं आणि सगळी तळी सारखी दिसू लागतात. एकट्याने जाऊ नका, कुठे जातो ते घरी लिहून ठेवा, होकायंत्र वापरता आलं पाहिजे. हिरवंगार मऊ शेवाळ दिसलं की वळसा घाला, त्याखाली जमीन असेलच असं नाही.

तिथे काय पाहायचं? पाणी कुठून सुटतं, काठाचे दगड, हिरवळीचा तुकडा (जुन्या आरीची हमखास खूण, शतकभराच्या शेणाने जमीन सुपीक झालेली असते), आणि बेट. बेट असेल तर विशेष लक्ष द्या. लुईसच्या तळ्यांमधली काही छोटी बेटं माणसांनी दगड टाकून बनवलेली आहेत. आर्निश, बोर्गस्तल, लांगावत या तळ्यांतली बेटं आणि त्यांच्याभोवती सापडलेली भांडी ख्रिस्तपूर्व 3640 ते 3360 या काळातली ठरली. अशा ठिकाणी काही हलवू नका, उचलू नका, फक्त छायाचित्र आणि नोंद.

जागा ब्रिटिश नॅशनल ग्रिडमध्ये लिहा. लुईसचा बहुतेक भाग एनबी या चौकटीत येतो. अक्षरांपुढे सहा अंक दिले तर शंभर मीटरपर्यंत अचूकता मिळते, आठ दिले तर दहा मीटर. छोट्या तळ्याला आठ हवेत, कारण शंभर मीटरमध्ये इथे तीन तळी बसतात.

सातवी पायरी: तक्ता

रकाने मोजकेच ठेवा. पाण्याचा क्रमांक. ऐकलेलं किंवा वाचलेलं नाव, आहे तसं. आजच्या गॅलिक लेखनातलं रूप, वेगळ्या रकान्यात. स्रोत: व्यक्तीची खूण, किंवा नकाशा आणि त्याचं साल. तारीख. ग्रिडचे अंक आणि ते कसे मिळाले (जागेवर, नकाशावरून, सांगण्यावरून). मुद्रणाच्या फाइलीचं नाव आणि त्यातली वेळ. सांगणाऱ्याने अर्थ सांगितला असेल तर तो. शेवटी तुमची शेरेबाजी, सगळ्यांपासून लांब.

समजा क्रमांक 14 च्या पाण्याला छापील नकाशावर नाव नाही, एका बाईंनी त्याला 'लॉख़ तू' म्हटलं आणि शेजारच्या गावच्या गृहस्थांनी 'लॉख़ न हारी', आरीचं तळं. दोन ओळी झाल्या. दोघं एकाच पाण्याबद्दल बोलत आहेत याची खात्री नसेल तर तसं लिहा. इथे 'लॉख़ तू' आणि 'लॉख़ पेक' (छोटं तळं) ढिगाने आहेत, नुसत्या नावावरून ओळख पटत नाही.

नाव मिळालं नाही तर रकाना रिकामा ठेवू नका आणि 'नाव नाही' असंही लिहू नका. 'अमक्यांना विचारलं, आठवलं नाही' ही सुद्धा नोंद आहे. पुढच्या माणसाला कळतं की कोणाला विचारायचं राहिलं आहे.

सुधारण्याचा मोह

आठवड्याभरात थोडं व्याकरण कळतं आणि हात शिवशिवायला लागतात. आर्नल गावाजवळ 'लॉख़ न मुल्न्या' आहे, पाणचक्कीचं तळं. आज तिथे पक्ष्यांचं राखीव क्षेत्र आहे. पुस्तकी गॅलिकमध्ये पाणचक्की पुल्लिंगी, त्यामुळे षष्ठीचं रूप वेगळं व्हायला हवं. लुईसमध्ये लोक ती स्त्रीलिंगी धरतात. ब्रागरच्या 'लॉख़ अ नूना'चंही तसंच. तळ्यात एका जुन्या गोल बुरुजाचे अवशेष आहेत, 'तून' म्हणजे किल्ला, आणि तिथलं षष्ठीचं रूप कोशातल्यापेक्षा निराळं. दोन्ही रूपं आहेत तशीच राहू द्या, ती त्या गावांची बोली आहे.

लेखनाबद्दलही तेच. 1981 मध्ये गॅलिक शुद्धलेखनाचे नियम ठरले आणि दोन प्रकारच्या स्वरचिन्हांपैकी एकच ठेवलं गेलं. जुन्या कागदावर दुसरं दिसलं तर 'आहे तसं' रकान्यात ते तसंच उतरवा. नव्या नियमाला शेजारचा रकाना दिलेला आहे.

अर्थ लावणं सगळ्यांत शेवटी, आणि हात आखडून. शेवटी 'वत' ऐकू आलं तर नॉर्स शक्यता आधी धरा, व्हायकिंगांच्या भाषेत पाण्याला किंवा तळ्याला हाच शब्द. लांगावत लांब, ब्रेवत रुंद, ग्रुनावत उथळ, सांदावत वाळूचं, लाक्सावत सामन माशाचं. गॅलिक आल्यावर या प्रत्येकाच्या पुढे पुन्हा 'लॉख़' लागलं. एडवर्ड ड्वेली या इंग्रज माणसाने 1901 ते 1911 मध्ये भागाभागाने छापलेला गॅलिक शब्दकोश आजही लोक पहिल्यांदा उघडतात, त्यात बोलींचे शब्द भरपूर आहेत. पण एकेका शब्दाला इतके अर्थ दिलेत की हवा तो निवडता येतो, आणि तीच त्यातली अडचण. सांगणाऱ्याने दिलेला अर्थ भाषाशास्त्राला पटत नसला तरी खोडू नका. एखाद्या तळ्यात लोककथांमधला पाण-घोडा राहतो म्हणून त्याला तसं नाव पडलं असं कोणी सांगितलं, तर ती त्या तळ्याची माहिती आहे.

नकाशावर चढवणं आणि परत देणं

क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. प्रकल्पाची प्रक्षेपण पद्धत सुरुवातीलाच 27700 ठेवा, ती ब्रिटिश नॅशनल ग्रिडची. फोनचे अक्षांश-रेखांश वेगळ्या पद्धतीचे असतात, ते बदलून घ्या. तळ्याची आकृती एकदाच काढा, उल्लेखांचा तक्ता क्रमांकाने तिला जोडा. 1850 च्या नकाशावरचा काठ आणि आजचा काठ जुळत नसेल तर दोन वेगळ्या आकृत्या काढा. पीट सरकतो, चर खणले जातात, दोन तळ्यांचं एक होतं.

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून केलेल्या खुल्या ऑनलाइन नकाशावर, नावं घालायची असतील तर आजच्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावरून उतरवू नका, त्यावर हक्क राखीव आहेत. पन्नास वर्षांहून जुने चालतात. गॅलिक नावासाठी वेगळा टॅग आहे, जुन्या आणि पर्यायी नावांसाठीही. तोंडी मिळालेलं नाव मात्र सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय तिथे टाकू नका, ते एकदा गेलं की परत घेता येत नाही. लेखनाच्या रूपाबद्दल 'एन्मेन-आच न हालप', म्हणजे स्कॉटलंडच्या गॅलिक स्थलनामांचं काम पाहणारी संस्था, सल्ला देते. त्यांच्याकडे जाताना ध्वनिफीत घेऊन जा, नुसतं तुमचं स्पेलिंग नको.

तक्त्याच्या आणि मुद्रणाच्या दोन प्रती करा. एक इतिहास मंडळाला. दुसरी, प्रत्येकाच्या आवाजापुरती, त्या-त्या घरी, आणि ती आधी पोचली पाहिजे. सोबत त्यांनी सांगितलेल्या नावांचा एक छापील नकाशा द्या, मोठ्या अक्षरात. तो पाहून पुष्कळ जण एखादी जागा दुरुस्त करतात किंवा राहिलेलं नाव सांगतात. त्याची नवी ओळ घाला, जुनी खोडू नका.